मदरशातल्या मुलालाही शाळा द्या!

३० मे २०२३ रोजी दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारच्या अररिया जिल्ह्यातली ५९ मुले भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर खाली उतरवण्यात आली. ही मुले पुणे-सांगलीकडच्या मदरशांत शिकायला निघाली होती. सोबतच्या शिक्षकांवर मानवी तस्करीचा गुन्हा दाखल झाला, त्यांना काही आठवडे तुरुंगात काढावे लागले आणि मुलांची रवानगी नाशिक-जळगावच्या बालगृहांत झाली. दिवसभर वाहिन्यांवर 'तस्करी' 'तस्करी' चालू होते. पुढे मार्च २०२४ मध्ये गुन्हा गैरसमजातून नोंदवला गेला, असे म्हणून रेल्वे पोलिसांनीच प्रकरण बंद केले. त्या दिवशी वाहिन्यांना त्याची आठवण नव्हती.

या साऱ्या गदारोळात दोन प्रश्न कोणी विचारले नाहीत. पहिला, आठ-दहा वर्षांचे लेकरू दोन वेळचे जेवण आणि चार अक्षरे यांसाठी दीड हजार किलोमीटरपेक्षा जास्त लांब का जाते? त्याच्या गावात सरकारी शाळा काय करत होती? दुसरा, ज्या मदरशात ते निघाले होते तिथे पाच-सात वर्षे काढून त्याच्या हातात काय पडणार होते? त्या सनदेवर त्याला अकरावीत प्रवेश मिळणार होता का? नोकरी मिळणार होती का?

पहिला प्रश्न सरकारला अडचणीचा, दुसरा मौलवींना. म्हणून दोन्ही गायब. आमचे म्हणणे असे की हे दोन्ही प्रश्न एकाच दमात विचारण्याची ताकद आज कोणात असेल, तर ती आंबेडकरी चळवळीत आहे. आणि आम्हीच गप्प आहोत.

गप्प राहण्याचे आपल्याकडचे प्रकारही ठरलेले आहेत. काही मित्र म्हणतात, "तो त्यांचा धार्मिक मामला, आपण कशाला पडायचे?" काही म्हणतात, "आधीच मुसलमानांना झोडपले जात आहे, आता बोललो तर संघाच्या हातात कोलीत दिल्यासारखे होईल." आणि काही जण, हे कटू आहे पण खरे आहे, व्हॉट्सॲपवर आलेला मदरशांबद्दलचा विखारी मजकूर 'जय भीम' लिहिलेल्या ग्रुपवरच पुढे ढकलतात. पहिल्या दोघांशी आम्हाला वाद घालायचा आहे. तिसऱ्यांना एवढेच सांगायचे की मनुवाद्यांचा कचरा आपल्या दारात ओतू नका.

आधी आकडे पाहू

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्यात दोन आकडे आहेत. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुले सुमारे ३ टक्के. आणि ६ ते १४ वयोगटातली जी मुस्लिम मुले कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली, ती २५ टक्के. समितीने हेही स्पष्ट केले की लोक मकतब आणि मदरसा यांत गल्लत करतात. मकतब म्हणजे मशिदीला लागून, सकाळी किंवा संध्याकाळी तास-दीड तास कुराण वाचायला शिकवणारा वर्ग. तिथली बहुतेक मुले दिवसा नेहमीच्या शाळेत असतात. मदरसा म्हणजे बहुधा निवासी, पूर्ण वेळ धार्मिक शिक्षण देणारी संस्था.

म्हणजे सगळा देश ज्या ३ टक्क्यांवर रात्रंदिवस चर्चा करतो, त्यांच्या आठपट मुले शाळेच्या बाहेर आहेत आणि त्यांच्यावर एकही वाहिनी चर्चासत्र घेत नाही. ती मुले भंगार गोळा करतात, गॅरेजमध्ये असतात, यंत्रमागावर असतात, आणि आपल्या वस्तीतल्या मुलांच्या शेजारीच असतात.

पण ३ टक्के थोडे म्हणून सोडून द्यायचे का? नाही. ही ३ टक्के मुले मुस्लिम समाजातल्या सर्वांत गरीब घरांतली आहेत. मदरशात राहणे-खाणे फुकट असते. ज्या बापाला वसतिगृह परवडत नाही, ज्याच्या गावात शिक्षक येत नाही, तो मुलाला मदरशात घालतो. हा निर्णय धर्माइतकाच पोटाचा असतो. समाजशास्त्राच्या पुस्तकात याला काहीही नाव असो, आपण त्याला गरिबीच म्हणू.

'आधुनिकीकरण' म्हणजे कंत्राटी मास्तर?

सरकारांनी यावर उत्तर म्हणून 'मदरसा आधुनिकीकरण' नावाची योजना काढली. केंद्राची होती, महाराष्ट्राची २०१३ पासून डॉ. झाकिर हुसैन यांच्या नावाने आहे. गणित, विज्ञान, इंग्रजी, समाजशास्त्र शिकवायला मदरशात मानधनावर शिक्षक द्यायचे, हा तिचा गाभा.

विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने या शिक्षकांचे मानधन वाढवले. डी.एड. शिक्षकाचे ६ हजारांवरून १६ हजार, बी.एड.चे ८ हजारांवरून १८ हजार. लगेच एका बाजूने 'लांगूलचालन' म्हणून बोंब झाली, दुसऱ्या बाजूने 'अल्पसंख्याकांना न्याय' म्हणून हार-तुरे झाले. दोघांनीही आकडे नीट वाचले नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत लागणाऱ्या शिक्षण सेवकाचे मानधनही आधी ६ हजारच होते आणि २०२३ मध्ये तेही १६ हजारच झाले. माध्यमिकचे ८ चे १८. मग मदरशाला जास्त काय मिळाले? फरक उलटा आहे. शिक्षण सेवक ३ वर्षांनी वेतनश्रेणीत जातो. मदरशातला मास्तर मानधनावरच राहतो. त्याच्या मागे ना सेवाशर्ती, ना निवृत्तिवेतन, ना बदली. योजना बंद पडली की तोही बंद.

योजना बंद कशी पडते ते उत्तर प्रदेशात पाहा. तिथे सुमारे २१ हजार मदरसा शिक्षक या केंद्रीय योजनेवर होते. केंद्राचा पैसा वर्षानुवर्षे थकला, पुढे योजनाच संपली, आणि जानेवारी २०२४ मध्ये राज्याने दिले जाणारे जादा मानधनही थांबवले. या शिक्षकांत हिंदूही होते, मुसलमानही. गणित शिकवणारा माणूसच उपाशी ठेवायचा आणि मग विचारायचे, मदरशात गणित का शिकवत नाहीत!

या आधी जुलै २०१५ मध्ये महाराष्ट्रात जाहीर झाले की ज्या मदरशात गणित, विज्ञान, समाजशास्त्र, इंग्रजी शिकवले जात नाही तिथली मुले 'शाळाबाह्य' धरली जातील. खरे सांगायचे तर या शब्दावर आमचा आक्षेप नाही. मूल शाळेत नसेल तर त्याला शाळाबाह्यच म्हणायचे. पण शाळाबाह्य म्हणताक्षणी जबाबदारी सरकारवर येते. शिक्षणहक्क कायद्याचे कलम ४ सांगते की अशा मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्या आणि बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्या. वाद पेटला तो मदरशांच्या मान्यतेवर. मुलाला कुठल्या वर्गात बसवणार, कोण शिकवणार, यावर कोणी भांडले नाही.

कायद्यातली पळवाट कोणासाठी?

आता मुळावर येऊ. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि कलम १(५) घुसवले गेले. त्यानुसार मदरसे, वैदिक पाठशाळा आणि प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना हा कायदा लागू नाही. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड आणि उलेमांचे मोठे गट यासाठी आग्रही होते. तत्कालीन काँग्रेस आघाडी सरकारने ते मान्य केले. याला धर्मनिरपेक्षता म्हणायचे की मतांचा हिशेब, ते वाचकांनी ठरवावे.

राज्यघटनेचे कलम २१-अ म्हणते की ६ ते १४ वयाच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण. सर्व म्हणजे सर्व. आई-बापाने मूल कुठे ठेवले यावर मुलाचा मूलभूत हक्क संपतो, हे कुठले तर्कशास्त्र? हक्क मुलाचा आहे. मौलवीचा नाही, भटजीचा नाही आणि बापाचाही नाही.

आणि 'वैदिक पाठशाळा' हे दोन शब्द नीट वाचा. मदरशांवर रोज तोंडसुख घेणारे या दोन शब्दांवर कधी बोलले आहेत? उज्जैनच्या महर्षी सांदीपनी वेद मंडळाच्या 'वेदभूषण' आणि 'वेदविभूषण' या परीक्षांना २०२२ मध्ये दहावी-बारावीची समकक्षता मिळाली. तीच वेळ मदरसा मंडळांवर आली तेव्हा काय झाले? मार्च २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा २००४ चा मदरसा शिक्षण मंडळ कायदाच घटनाबाह्य ठरवला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, म्हणून तो कायदा वाचला. एकाला पायघड्या, दुसऱ्याला कोर्टाची पायरी. आमची भूमिका साधी आहे: सातव्या वर्षी ऋचा घोकणारा बटू आणि सातव्या वर्षी आयत घोकणारा तालिब, दोघांनाही गणिताचा मास्तर द्या. कलम १(५) दोघांसाठी रद्द करा.

सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निकालात आपल्या कामाचे एक सूत्र आहे. अल्पसंख्याकांना संस्था चालवण्याचा कलम ३० चा हक्क आहे, पण तिथे मिळणाऱ्या शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी राज्याला नियम करता येतात. म्हणजे 'आमच्या संस्थेत डोकावू नका' हे उत्तर घटनेला धरून नाही, आणि 'संस्थाच बंद करा' हेही नाही.

धर्मगुरूंना दोन प्रश्न

सरकारवर टीका केली म्हणजे उलेमांना सूट, असे आमच्याकडे चालत नाही. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात मुस्लिम समाजातली जातव्यवस्था, पडदा आणि सुधारणेबद्दलची उदासीनता यांवर स्पष्ट लिहिले. त्यांनी मैत्रीसाठी सत्य लपवले नाही.

तर पहिला प्रश्न. मदरशांचा जो अभ्यासक्रम 'पवित्र' म्हणून हात लावू दिला जात नाही, तो दर्स-ए-निझामी अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलच्या मुल्ला निझामुद्दीन यांनी घडवला. त्यात तर्कशास्त्र होते, भूमिती होती, तत्त्वज्ञान होते, कारण त्या काळी दरबारात कारकून, काझी, अधिकारी व्हायला ते लागे. म्हणजे तो त्या काळाचा रोजगाराचा अभ्यासक्रम होता! अठराव्या शतकात जगाची विद्या मदरशात चालत होती, मग एकविसाव्या शतकात बीजगणिताने धर्म कसा बुडतो? बीजगणिताला जग 'अल्जेब्रा' म्हणते, तो शब्दच अरबी आहे.

महाराष्ट्रातच उदाहरण आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा येथे मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी मदरशाच्या जोडीला अभियांत्रिकी, फार्मसी, अगदी वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत संस्था उभ्या केल्या. २०११ मध्ये ते देवबंदच्या दारुल उलूमचे कुलगुरू झाले आणि काही महिन्यांतच त्यांना ते पद सोडावे लागले. गुजरातबद्दलचे त्यांचे वक्तव्य हे निमित्त झाले, आणि त्या वक्तव्याशी आमचेही मतभेद आहेत. पण सातपुड्याच्या पायथ्याशी जे उभे राहू शकते, ते इतरत्र का नाही, हा प्रश्न उरतोच.

दुसरा प्रश्न जास्त टोचणारा आहे. मदरसे वाचवा म्हणून सभा घेणाऱ्या नेत्यांची मुले कुठे शिकतात? इंग्रजी शाळेत. मदरशात कोण आहे? अन्सारी, कुरेशी, बागवान, पिंजारी, छप्परबंद, फकीर यांची गरीब मुले. अशरफांनी नेतृत्व करायचे आणि पसमांदांनी हिफ्ज करायचा. लहान वयातली तीन-चार वर्षे केवळ पाठांतरात गेली की गणिताचा आणि भाषेचा पाया कायमचा कच्चा राहतो. ही विभागणी आपल्याला ओळखीची वाटत नाही का? ज्ञान वर आणि घोकंपट्टी खाली, हेच तर ब्राह्मणी व्यवस्थेने आपल्याशी केले. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसी चळवळ उभी केली. मुस्लिम समाजातून आलेले हे आवाज आपले स्वाभाविक सोबती आहेत.

हा आपला प्रश्न कसा?

१८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला दारातच रोखले होते. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी सायमन कमिशनला अस्पृश्यांच्या शिक्षणाबद्दल जे निवेदन दिले त्यात या मुलाची हकिगत आहे. शाळा सार्वजनिक पैशावर चालते आणि तरी एक मूल बाहेर उभे आहे, ही आपल्या चळवळीच्या पायातली वेदना आहे. ते मूल कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, यावर आपली वेदना बदलत असेल तर आपण काय शिकलो?

जोतिरावांची सुटलेली शाळा पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोविंदरावांची समजूत घालणाऱ्यांत गफ्फार बेग मुन्शी होते. त्याच जोतिरावांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनसमोर बारा वर्षांपर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. छत्रपती शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. महाराजांनी मुस्लिम समाजाला उपदेश करत बसण्याऐवजी आधी राहण्याची-जेवणाची सोय केली. आजच्या आधुनिकीकरणवाल्यांनी एवढे शिकले तरी पुरे.

बाबासाहेबांनी ७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सरकारी शाळेत धर्मशिक्षण का नको, हे समजावले. कर सगळ्यांचा, धर्म अनेक, आणि धर्माधर्मांत भांडणे. त्यातून आजचे कलम २८ आले: पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण नाही. आमची रेषा तीच आहे. गणिताच्या मास्तराचा पगार सरकार देईल, कुराणाच्या उस्तादाचा समाज देईल. आणि हीच रेषा शाळेत गीता-श्लोक घुसवणाऱ्यांनाही लागू.

आपल्या विहारांत उन्हाळ्यात श्रामणेर शिबिरे होतात. मुले चीवर घालतात, त्रिसरण-पंचशील शिकतात आणि जूनमध्ये शाळेत जातात. कोणालाही त्यात अडचण वाटत नाही. केरळमध्ये मुस्लिम समाजाने नेमके हेच केले आहे. 'समस्त' या संघटनेचे दहा हजारांहून अधिक मदरसे शाळेच्या वेळेच्या आधी-नंतर चालतात, आणि मूल दिवसा शाळेत असते. पश्चिम बंगालमध्ये हाय मदरशांत राज्याचा सर्वसाधारण अभ्यासक्रम चालतो, शिक्षक आयोगामार्फत निवडले जातात, ही निवडपद्धत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये वैध ठरवली, आणि तिथे हिंदू मुलेही शिकतात. इंडोनेशियाने १९७५ मध्येच तीन मंत्रालयांचा संयुक्त निर्णय काढून मदरशांत ७० टक्के सामान्य विषय आणणाऱ्यांच्या सनदेला शाळेच्या सनदेची बरोबरी दिली.

याउलट आसामने काय केले? २०२० मध्ये कायदा करून सरकारी मदरशांचे रूपांतर साध्या शाळांत केले. कलम २८ पाहता न्यायालयाने ते मान्यही केले. पण ज्या मदरशांत गणित-विज्ञान आधीच शिकवले जात होते, तेच बंद झाले. खासगी, देणगीवर चालणारे मदरसे, जिथे खरा गरीब आहे, ते त्या कायद्याच्या बाहेरच राहिले. याला सुधारणा म्हणत नाहीत.

"कायदा आणला तर बुलडोझर येईल"

हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. उत्तराखंडात २०२५ मध्ये मदरशांना एकामागोमाग टाळे लागलेले आपण पाहिले. मान्यता नाही म्हणून शाळा बंद करण्याचा अधिकार शिक्षणहक्क कायद्यात आहे, आणि तो कोणावर उगारला जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी शिक्षक आणि पैसा, मग मुदत, मग तपासणी, आणि एकाही मुलाची पर्यायी जागा निश्चित झाल्याशिवाय कुलूप नाही.

आणि हा क्रम पाळायला सांगताना सरकारच्या नैतिक अधिकाराचाही हिशेब मागा. २०२३ मध्ये याच राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा' करण्याचा आणि शाळा 'दत्तक' देण्याचा निर्णय निघाला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने मौलाना आझाद फेलोशिप बंद केली, पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही काढली. वस्तीवरची शाळा उचलायची, शिष्यवृत्ती काढायची आणि मदरशातल्या मुलाला म्हणायचे, मुख्य प्रवाहात ये! प्रवाह तुम्हीच अडवला आहे.

आमच्या मागण्या

१. शिक्षणहक्क कायद्याचे कलम १(५) रद्द करा, मदरसे आणि वैदिक पाठशाळा दोघांसाठी.
२. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक निवासी विद्यार्थ्याची जवळच्या शाळेच्या पटावर नोंद करा. दिवसा शाळा, धर्मशिक्षण शाळेच्या वेळेबाहेर.
३. मदरशांत शिकवणारे सामान्य विषयांचे शिक्षक वेतनश्रेणीवर घ्या. मानधनाचा खेळ बंद करा.
४. जिल्हा परिषद व महापालिकांच्या उर्दू शाळांतली रिक्त पदे भरा आणि गरीब मुस्लिम मुला-मुलींसाठी शासकीय वसतिगृहे काढा.
५. मोठ्या झालेल्या मदरसा विद्यार्थ्यांना मुक्त विद्यालयाची दहावी-बारावी मोफत द्या.
६. या साऱ्यावर देखरेख करणाऱ्या समित्यांत पसमांदा पालक, विशेषतः माता, निम्म्याहून जास्त असाव्यात.

कार्यकर्त्यांसाठी काम आजच आहे. आपल्या तालुक्यातल्या मदरशात जा, चहा घ्या, बोला. किती मुले आहेत, किती जणांची शाळेत नोंद आहे, गणित कोण शिकवते, हे वहीत लिहा. हीच वही घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्याकडे जा. मोर्चा काढायचा असेल तर त्या मुलांच्या आयांना सोबत घ्या, त्यांच्या वतीने बोलू नका.

आम्ही बौद्ध झालो म्हणून १९५६ नंतर केंद्राच्या सवलतींच्या दारात १९९० पर्यंत उभे होतो. धर्म बदलला म्हणून माणसाचे दैन्य बदलत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. दलित मुस्लिम आणि दलित ख्रिस्ती आजही १९५० च्या आदेशामुळे त्याच दारात उभे आहेत. त्यांच्या लेकरांना गणित मिळावे म्हणून आपण बोलायचे नाही, तर कोणी बोलायचे?

'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश जातीचा दाखला पाहून दिलेला नाही. तो मदरशाच्या ओसरीपर्यंत पोचवणे हे आपले काम आहे.

जय भीम! जय संविधान!